परवा

पैलतळ या अंतराळतळावरच्या जेवणघरात एक सामायिक फळा होता. कृष्णविवराजवळच्या खाणीत उतरलेल्या प्रत्येक माणसाची त्यावर एक ओळ असे : गेला कधी, येणार कधी. तारखा कुणाला कळत नाहीत म्हणून फळा काल, आज, उद्या, परवा असे साधे शब्द लिही.

हौसाबाईंचा मुलगा हणमंत दोन दिवसांच्या कामावर गेला होता. आठवडा उलटला, तरी ओळ हलेना : ‘हणमंत, परत : परवा.’

हौसाबाई फळ्याची देखभाल करणाऱ्या शबाना मुजावरकडे गेल्या.

“पोरी, तुझा फळा अडकलाय. रोज परवाच म्हणतोय. दोनदा शेंगोळे केले, दोनदा शेजाऱ्यांनी खाल्ले. आणि कुठला गं परवा? गेलेला की येणारा?”

शबाना हसली. “फळा दोन्हीला परवाच लिहितो, मावशी. नुसतं अंतर बघतो. थांबा, बघते.”

तिने ओळीची मांडणी उघडली आणि तिचं हसू गेलं. प्रत्येक ओळीला वेगळं पंचांग लावायची सोय होती. हणमंतच्या ओळीला खाणीचं पंचांग लावलेलं होतं.

“मावशी, बसा जरा. कृष्णविवर फार जड असतं. त्याच्याजवळ काळसुद्धा हळू चालतो. आम्ही त्याला मंदकाळ म्हणतो. तिथला एक दिवस म्हणजे इथली बारा वर्षं.”

“मग आठ दिवस झाले त्याला जाऊन.”

“तिकडे तीन मिनिटंही झाली नाहीत. अजून बूट काढत असेल.”

शबानाने ओळीला तळाचं पंचांग लावलं. फळ्यावर आलं : ‘परत : चोवीस वर्षांनी.’

हौसाबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी हिशेब केला नाही. करायची गरज नव्हती.

“त्याला ठाऊक होतं?”

“करारात ‘खाणीचे दोन दिवस’ असं असतं. त्यानं दोन दिवस एवढंच वाचलं असणार.”

“बोलव की मग माघारी.”

“परतीचं यान एकच आहे, मावशी. ते त्याच्या परवाच सुटतं.”

मग हौसाबाईंनी विचारलं, “त्याच्याकडच्या फळ्यावर माझी ओळ असंल?”

“आहे. तुमची शेवटची हजेरी दिसते. ‘आई : आज.’”

“आणि मी गेल्यावर?”

शबाना खाली बघत म्हणाली, “हजेरी तिथंच थांबते. या दहा-बारा वर्षांत काही झालं, तर त्याच्या हिशेबानं ते आजच झालं. त्याच्या दोन दिवसांनी तो यानात बसायला निघेल, तेव्हा फळा लिहील...” ती थांबली.

“परवा,” हौसाबाई म्हणाल्या. “त्याला वाटंल, आई परवा भेटणार.”

“मी त्या ‘परवा’आधी ‘गेल्या’ हा शब्द घालते. एवढं मला करता येतं.” तिने फळ्याकडे हात पुढे केला.

हौसाबाईंनी तो धरला.

“नको गं. यानात बसूस्तोवर तरी त्याला घरची भूक राहू दे.”

मग त्या उठल्या. दाराशी जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, “इकडं त्याची ओळपण होती तशी कर. परवाच लिही.”