मागच्या पत्र्यावर

ही गोष्ट खरी आहे, हे आधीच सांगून ठेवते. आणि ती रात्रीची नाही. अमावास्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. भर दुपार होती. आमच्या पाम गावावरून बोईसरला जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षा भरभरून धावत होत्या आणि माझी जागूताई जीप चालवत होती.

रात्रीचं असतं तर मीच म्हटलं असतं, झोपेत काहीतरी ऐकलं असेल.

पण दुपारी, स्टिअरिंग हातात असताना...?

जागृती माझ्या मोठ्या काकांची मुलगी. बोईसरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. ग्रीसने नखं काळी झालेली अख्ख्या पाममधली एकमेव मुलगी, आणि मला तिचा भयंकर अभिमान आहे! तिने मला जे सांगितलं तेच सांगतेय. शेवटचं तेवढं माझ्यासमोर घडलं.

जीप आमच्या कृष्णकांत आजोबांची. एके काळी गावात दुसरी गाडीच नव्हती. आजोबांनी ती वाडीतले चिकू बोईसर स्टेशनवर पोचवायला घेतली होती, पण अडीअडचणीला सगळं गाव तिच्यात बसायचं. घरी पाहुणे आले की ओट्यावर बसून आजोबांचं एक वाक्य ठरलेलं असायचं.

"आमच्या जीपनं गावातल्या किती बाळंतिणी पोचवल्या, त्याला मोजदाद नाय. अडल्यानडल्याला कधी नाय म्हटलं नाय आमी."

जागूताई हे वाक्य ऐकतच मोठी झाली. पुढे जीप बंद पडली आणि वाडीमागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. तरी ताईचा जीव तिच्यातच. शाळेतून आली की त्या मोडक्या सीटवर बसून तोंडाने गिअर टाकायची.

शेडमध्ये कोंबड्या असायच्या. त्या बॉनेटवर झोपायच्या, स्टिअरिंगवर बसून घाण करायच्या.

पण मागच्या बाकांवर... कधी एक पीससुद्धा सापडलं नाही.

तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

दोन दिवाळ्यांमागे आजोबा म्हणाले, जीप भंगारात देऊ. ताई जेवता जेवता ताठ झाली. "मी चालू करते. घरीच."

प्रीतमदादा, तिचा सख्खा भाऊ, खो खो हसला. "ताई, आधी डिझेल कुठून भरतात ते बघून ये."

"तुझी बाईक कोण दुरुस्त करतं रे? तुझी बायको? अजून मिळालीय कुठे!"

सगळे हसले. आजोबाही. मग म्हणाले, "बरं, करून दाखव. चालू झाली तर तुझ्या नावावर. प्रीतमला नाय."

आमच्या घरात कुठलीच गोष्ट कधी मुलीच्या नावावर झालेली नाही. ताईला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर सुट्टीचा प्रत्येक दिवस शेडमध्ये. इंजिन उतरवलं, इंजेक्टर साफ केले, सडलेला तळ कापून नवा पत्रा वेल्ड केला. तेवढ्यावर थांबेल ती ताई कसली! पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, मागच्या बाकांना सीटबेल्ट. जुन्या जीपमध्ये बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात, हिच्यात आजारी माणूससुद्धा आरामात झोपून जायला हवा, असं म्हणायची.

एकच गोष्ट जमेना.

ड्रायव्हरच्या मागे जो बाजूचा पत्रा असतो ना, त्याला एक फुगवटा होता. पोचा नाही, फुगवटा... आतून बाहेर आलेला. तळहाताएवढा.

ताईने तो ठोकून सरळ केला, पुट्टी भरली, घासून काचेसारखा केला, वर प्रायमर मारला.

पुढच्या रविवारी ताडपत्री काढली.

फुगवटा होता.

तिथेच. तेवढाच.

तिने पुन्हा ठोकला. तो पुन्हा आला. शेवटी तिने कंपनीतल्या वेल्डरला बोलावलं. त्याने पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, यह तो अंदर से किसी ने मारा है. हाथ से."

"हाथ से पत्रा फुगता है क्या, भैया?"

"एक बार में नहीं..." एवढंच बोलून तो चहासुद्धा न घेता निघाला.

ताईने मग चिडून तो पत्राच नवा बसवला. आतून जाड फोम लावला, त्यावर रेक्झिन. आता आवाज नाही, खडखड नाही. विषय संपला.

आमच्या वाडीत रखमामावशी कामाला येते. डोंगराकडच्या पाड्यावरची. तरुण होती तेव्हापासून येते. त्या संध्याकाळी ती डोक्यावर लाकडं घेऊन निघाली होती. ताईने हाक मारली.

"रखमामावशी, बस ना! पाड्यावर सोडते. पहिलं गिऱ्हाईक तू."

"नाय बाय. चालत जाते मी."

"अगं, एकदम गादी केलीय मागे. बघ तरी!"

मावशी शेडच्या दाराबाहेरच थांबली. आत पाऊल टाकलं नाही. ताईने सहज विचारलं, पूर्वी मागे बसलेल्या मजुरांना उतरायचं असलं की ते ड्रायव्हरला कसं सांगायचे? इंजिनचा एवढा आवाज असायचा.

"पत्र्यावर थाप द्यायची. एक म्हंजे थांब. दोन म्हंजे चल."

"आणि थाप देऊनही नाही थांबली तर?"

मावशीने लाकडांची मोळी सावरली. 

"ते तुज्या आज्याला इचार."

आणि गेली.

ताईने विचारलं नाही. तिला वाटलं, मजुरीवरून कधीतरी भांडण झालं असेल. जीप आता जवळजवळ तयार होती. मेंदी रंग चढला, वर नवा कापडी हूड चढला, आणि पहिल्याच सेल्फला इंजिन असं धडधडलं की शेडमधल्या कोंबड्या वाडीभर पळाल्या.

तो दिवस आला. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली. आजोबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेजारच्या सीटवर बसले. मागे कुणी नव्हतं. ठरलं होतं की बोईसर स्टेशनपर्यंत जायचं, जुन्या रस्त्याने, जुन्यासारखंच. घरी परत आलं की कागद करायचे.

ताई सांगते, ती पहिली काही मिनिटं तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर होती. माणसं वळून बघत होती. आजोबा एकदा तिच्याकडे बघून म्हणाले, "पोरगी असून हात बरा हाय तुझा." त्या 'पोरगी असून'चाही तिला राग आला नाही.

मग ताडांची रांग संपली. पुढे दवाखान्याचा फाटा दिसायला लागला.

आणि...

धप्.

मागच्या पत्र्यावर. एकच थाप.

ताईने आरशात बघितलं. मागे रिकामे बाक. सीटबेल्ट जागच्या जागी.

काहीतरी सुटलं असेल, ती मनात म्हणाली.  पण तो आवाज उघड्या पत्र्याचा होता. जाड फोमवर कितीही जोरात हात आपटा, असा आवाज येतच नाही.

धप्.

तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

"थांबू नको," आजोबा म्हणाले.

ते समोर बघत होते. दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरलेला.

"आजोबा... तुम्हाला पण ऐकू आलं?"

"ती करते तसं. लक्ष नाय द्यायचं. स्टेशन आलं का गप होते."

ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. थापेने नाही. आजोबांच्या आवाजाने. दूधवाला उशिरा येतो, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात ते बोलले होते.

धप्... धप्... धप्... एकेक. मध्ये थांबून. प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू.

फाट्यावर ताईने ब्रेक दाबला.

जीप थांबली. आणि रस्त्यावरचे सगळे आवाज जणू कुणीतरी झाकून टाकले. रिक्षा जात होत्या, पण ऐकू येत नव्हत्या.

ती उतरली. मागे गेली. फाळका उघडला.

कुणी नाही. फक्त... जीपच्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबलेले होते. पोतं टाकल्यावर दबतात तसे.

"चल, जागृती!" आजोबा ओरडले. "गाडी चुकंल!"

"कुठली गाडी, आजोबा?"

ती त्यांच्या दाराशी आली.

"कोण आहे मागे?"

आजोबांनी बाहेर हात काढून दारावर दोन थापा दिल्या. दोन म्हणजे चल. जुनी सवय.

मागून उत्तर आलं.

एक.

तेव्हा आजोबा बोलले. तोंड वाकडं करून, कुणीतरी विनाकारण त्रास देतंय अशा सुरात.

"रखमाची भैन. ठकी. वाडीतच कळा सुरू झाल्या तिला. मी काय नाय म्हटलं? बस म्हटलं चिकूच्या खोक्यांशी. पण पार्सलची गाडी सुटणार व्हती. आधी स्टेशन, येताना दवाखाना, असं सांगितलेलं तिला. धीरच निघंना बाईला. फाटा दिसला तशी लागली थापा द्यायला."

"आणि तुम्ही थांबला नाहीत."

"माल नासला असता."

"मग?"

"खोकी उतरवीपर्यंत आवाज येत व्हता."

ताईला आधी समजलंच नाही. मग समजलं. स्टेशनवर पोचल्यावरसुद्धा आधी खोकी उतरली होती.

"बाळ?"

आजोबांनी फक्त नकारार्थी मान हलवली. मग एकदम मऊ झाले. ताईचं मनगट धरलं.

"हे बघ, घरात बोलू नको. म्हातारपणी माझं नाव घालवू नको. कागद उद्याच करतो. जीप तुझी. कुणी काय म्हणणार नाय तुला."

ताईने आपल्या काळ्या नखांकडे बघितलं. मग किल्ली काढली, आजोबांच्या तळहातावर ठेवली, आणि फाट्यावर उन्हात उभी राहून प्रीतमदादाला फोन केला की येऊन आजोबांना घेऊन जा.

रात्री जेवताना तिने सगळं सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. तेच वाईट. काकी फक्त म्हणाल्या, "त्यांच्या वयाचा तरी विचार करायचा होतास गं." काका म्हणाले, "तेव्हाचा काळ वेगळा होता." प्रीतमदादाने भाकरी मोडत विचारलं, "मग जीप कुणाच्या नावावर?"

जीप दादाच्या नावावर झाली. ताई आता बोईसरला खोली घेऊन राहते. सणालासुद्धा येत नाही.

दादाने चार-पाच फेऱ्या मारल्या. मग जीप अंगणात उभी केली ती केलीच. का चालवत नाहीस, असं विचारलं तर म्हणतो, "मागून काहीतरी वाजतं." आणि विषय बदलतो.

आता माझ्यासमोरचं सांगते.

मागच्या महिन्यात दुपारच्या चहाला पाहुणे आले होते. आजोबा ओट्यावर होते, रखमामावशी अंगण झाडत होती. आणि आजोबांनी सुरू केलं. "आमच्या जीपनं गावातल्या किती बाळंतिणी पोचवल्या..."

पूर्वी मी चार माणसांत तोंड उघडायची नाही. पण हल्ली मला राहवत नाही.

"आणि ठकी, आजोबा? ती पोचली का?"

पाहुण्यांचे कप तोंडाशी तसेच राहिले. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं.

आजोबांनी शांतपणे बशीत चहा ओतला.

"कोण ठकी?"

मावशीच्या हातातला झाडू थांबला.

आणि अंगणातून...

धप्.

"गाडीत कुणी बसलंय का?" पाहुण्यांनी विचारलं.

"उन्हानं पत्रा वाजतो," आजोबा म्हणाले आणि चहा प्यायले.

मावशीने झाडू खाली ठेवला. जीपजवळ गेली. फुगवट्यावर हात ठेवला... हो, नव्या पत्र्यालाही तो आलाय, रेक्झिन-फोमसकट... आणि पोराला थोपटावं तशा हळूच दोन थापा दिल्या. मग कान लावून उभी राहिली. थोड्या वेळाने पुन्हा झाडायला लागली.

आता ती रोज घरी जाताना हेच करते. मी विचारलं तर म्हणाली, "दोन देऊन बघते. जायची तर जाऊ दे तिला."

काल मावशी आली नव्हती. ऊन उतरत होतं, आजोबा ओट्यावर पेंगत होते. मी जीपजवळ गेले. पत्रा तापलेला असणार म्हणून जपून हात ठेवला.

पत्रा थंड होता.

मी दोन थापा दिल्या. हात उचललाच नाही.

काही नाही... काही नाही...

मग माझ्या तळहाताखाली, आतून, एक.