तोंडावरचं फडकं

मोबाईल ठेवा रे बाजूला. तिसऱ्या मजल्यावरची अक्षता माहीत आहे ना, डॉक्टरकीच्या पुस्तकांना चित्रं काढून देते ती? तिच्यासोबत घडलेलं आहे हे.

गेल्या सर्वपित्री अमावास्येला संध्याकाळी ती चेंबूरला एका म्हाताऱ्या सर्जनकडे गेली. त्यांच्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी परदेशात छापलेलं, शरीराच्या चिरफाडीच्या चित्रांचं पुस्तक होतं. त्यातल्या एका पानाचा फोटो घ्यायचा होता.

पानावर एक बाई. पोट उभं चिरलेलं, कातडी दोन्हीकडे टाचण्यांनी ताणलेली, आतडी बाहेर. चरबीची चकाकीसुद्धा चित्रकाराने हुबेहूब टिपलेली. तोंडावर मात्र फडकं. सर्जन म्हणाले, बेवारस असणार बिचारी. तेव्हा अशांनाच फाडायचे, आणि वास सुटायच्या आत चित्र उरकायचे. चित्रकाराने निदान तोंड झाकून तिची लाज राखली.

मुलुंडला घरी येऊन तिने फोटो संपादकाला, अनिरुद्धला पाठवला. त्याला तो मुखपृष्ठावर हवा होता, पण फडक्याशिवाय.

"एखादा छानसा चेहरा काढ ना यार. सकाळी दे."

तिला किळस आली. पण हातचं काम सोडवेना. नवरा रात्रपाळीला गेलेला. ताटातला भात तसाच टाकून ती मध्यरात्री कॉम्प्युटरवर फडकं पुसायला बसली.

पुसता पुसता वास आला. बंद फ्रिजमध्ये सडलेल्या मटणासारखा. खिडकी उघडली, तरी जाईना. स्क्रीनजवळ जास्त येत होता.

आणखी थोडं पुसलं...

खाली कोरा कागद नव्हता. हनुवटी होती. मग ओठ, काळे पडलेले. तिने न काढलेले.

तिचा हात थांबला. फडकं थांबलं नाही. आपोआप सरकत गेलं... गाल... नाक... नाकपुडीत काहीतरी वळवळणारं...

डोळे. सताड उघडे.

ओठ हलले. आवाज आला तो तिच्या पाठीमागून. ओला, घोगरा. भाषा कळली नाही. काय हवंय, ते कळलं.

अक्षताने गळ्यातली ओढणी ओढून स्क्रीनवर टाकली.

"झाकलं, बाई. झाकलं..."

मग मोरीत जाऊन ओकली. नुसतं पित्त.

सकाळी तिने फोटो पुसून टाकला आणि हे चित्र करणार नाही, असं अनिरुद्धला कळवलं. तो भडकला. काम गेलं ते गेलंच.

ओढणी उचलली, तर ओली. आतून मेणचट, पिवळा डाग. नाक, ओठ, हनुवटी, सगळं ओळखू येतं. किती धुतली, डाग हटत नाही. मी पाहिलाय तो चेहरा.

डोळे मात्र मिटलेले आहेत.