बर्तोमेचा गडगा

"एल्वियोकाकाने माझ्या बाबांना मारलं. त्याला तुरुंगात बघायचंय मला!" जेनोवाला राहणारी मिरेल्ला दारातूनच म्हणाली.

ओरिएत्ता सास्सो या गावातल्या एकुलत्या एक खासगी गुप्तहेर. त्यांनी तिला आधी बसवलं.

खुडणीला चार दिवस उरले होते. रात्रभराच्या पावसानंतर तिचा म्हातारा बाप बर्तोमे द्राक्षं बघायला उतारावरच्या मळ्यात गेला आणि वरच्या टप्प्याची माती धरून ठेवणारा दगडी गडगा त्याच्यावर कोसळला. खालचा शेजारी एल्वियो कधीपासून हा मळा मागत होता. त्यानेच दगड उपसले, असं मिरेल्लाचं म्हणणं.

ओरिएत्ताबाई तिल्योला घेऊन मळ्यात उतरल्या. तिल्यो म्हणजे निवृत्त पोस्टमन, अंगाने दणकट, डोक्याने निवांत. त्याने ढिगातला एक दगड उचलला, तर दोन वर आले.

"च्यायला, जोडीने राहतात वाटतं!"

बाई हसल्या नाहीत.

बाईंनी विचारताच एल्वियो भडकला. "साठ वर्षं आम्ही एकमेकांच्या वाइनला नावं ठेवत ती प्यायलो. मी दगड उपसेन? अहो, ऑगस्टपासून त्या गडग्यातून थेंब पाझरला नाही. माझ्या वेली सुकल्या, तरी मी ब्र काढला नाही."

"का नाही?"

एल्वियोने मान फिरवली.

उतारावरच्या मळ्यांतून टोपल्या वाहणारी, दातेरी रुळावरची छोटी गाडी रेमो चालवायचा. तो म्हणाला, "ऑगस्टमध्ये बर्तोमेकाका गुडघ्यासाठी दवाखान्यात होते ना, तेव्हा मिरेल्लाने मागवलेली पोती इथे उतरवली मी. खत असेल."

बाईंनी सगळ्यांना ढिगाऱ्यापाशी बोलावलं.

"गडगा सुक्या दगडांचा रचतात, कारण फटींतून पाणी जायला हवं. यंदा ते गेलं नाही. मागे तुंबलं आणि गडगा फुटला. दगड उपसले असते, तर सगळे सुटे पडले असते. हे सिमेंटने चिकटलेत. त्या पोत्यांत खत नव्हतं, मिरेल्ला."

मिरेल्लाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबांना या वयात दरवर्षी ढासळलेले दगड उचलावे लागू नयेत म्हणून... जेनोवाहून गवंडी आणला. ते ओरडतील म्हणून बाहेरून दिसणार नाही असं फटींत आतूनच सिमेंट भरायला लावलं."

"म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं?" तिल्यो म्हणाला.

"दवाखान्यातून आला त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं त्याला," एल्वियो पुटपुटला. "मी म्हटलं, फोड. तर म्हणतो कसा, 'पोरीने हौसेने केलंय रे. खुडणीला येईल, डोळे भरून बघेल. ती परत गेली की उकलून पुन्हा रचू.' तुला सांगायचं नाही, मिरेल्ला, अशी शपथ घातली होती मला."

मिरेल्ला चिखलातच ओक्साबोक्शी रडू लागली. तिला थांबवायला कुणी पुढे झालं नाही.