इरावतीचा मेल

मंगळावर माणूस मेला की त्याला पृथ्वीवर ई-मेलने पाठवत. देह तिथल्या लाल मातीत राही. जाई तो मनोलेख, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा. पृथ्वीवरच्या केंद्रात तो नकाशा नव्या मेंदूत उतरवला जाई आणि माणूस पुन्हा डोळे उघडी.

विश्राम केळुस्करांनी आपल्या बायकोचा, इरावतीचा मनोलेख सकाळी पाठवला. दुपारीही तो आउटबॉक्समध्येच होता. पडद्यावर एक ओळ होती : 'मेल आकाराने फार मोठा आहे. पाठवता आला नाही.'

त्यांनी वसाहतीतल्या संपर्कशास्त्रज्ञ नीलाक्षी टिपणीसला बोलावलं.

"काका, वाटेतले उपग्रह ठरावीक आकारावरचा मेल पुढे नेत नाहीत," ती म्हणाली.

"बाकीच्यांचे गेले की."

"ते तरुण होते. काकू एकसष्ट वर्षं जगल्या. त्यात भूगर्भशास्त्रज्ञ. हातात घेतलेला प्रत्येक दगड त्यांच्या लक्षात."

नीलाक्षीने मेलची वेळमर्यादा वाढवून पाहिली. मेल निम्म्यावर तुटला. मग तिने त्याचे तुकडे केले. बरेच पोचले, मधले काही पुन्हा पुन्हा पाठवूनही हरवले. आणि एक तुकडा नसला तरी मनोलेख उघडत नाही, कारण त्यातली प्रत्येक आठवण दुसऱ्या कुठल्यातरी आठवणीला बांधलेली असते.

इकडे वेळ संपत होता. मूळ मनोलेख फक्त जिवंत पेशींच्या साच्यातच मावे, आणि तो साचा आता कडेने विरू लागला होता.

"आता आकुंचन तेवढं उरलंय," नीलाक्षी म्हणाली. "जे पुन्हा पुन्हा येतं ते यंत्र गाळतं, आणि उरलेल्या आठवणी एकमेकींना जोडून घेतं. जे एकदाच घडलं, ते सगळं राहतं."

"म्हणजे जाणार काय?"

"रोजचं. नेमकं किती, ते मला नाही सांगता येणार."

विश्राम म्हणाले, "रोजचं काय, दात घासणं, चहा. जाऊ दे. पाठव."

मेल गेला. पोच आली. त्या आठवड्यात साचा पूर्ण विरला.

पुढे इरावती जागी झाल्याचं कळलं, आणि मग तिचा मेल आला. विश्रामांनी तो नीलाक्षीसमोरच उघडला.

'श्री. केळुस्कर यांस, आपलं लग्न झालं होतं असं इथले डॉक्टर सांगतात. तो दिवस मला स्वच्छ आठवतो. हार घालताना आपण तो माझ्या केसांत अडकवलात. बोगदा कोसळला तेव्हा मला बाहेर काढणारेही आपणच होतात ना? मधलं मात्र काही सापडत नाही. आपण लगेच वेगळे झालो होतो का? तसं असल्यास कारण कळवावं.'

नीलाक्षीचा चेहरा उतरला. "काका, लग्नाचा दिवस एकदाच आला, म्हणून तो राहिला. पुढचे दिवस यंत्राला एकसारखे दिसले असणार. मला हे आधी सुचायला हवं होतं." मग तिने विचारलं, "तुमचं एखादं मोठं भांडण? कधी दुरावा? तसं काही असतं तर ते राहिलं असतं."

"नाही गं. आमचं चांगलं चाललं होतं."

ती गेल्यावर विश्राम उत्तर लिहायला बसले. 'प्रिय इरावती' एवढं लिहून झालं. पुढे सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. सदतीस वर्षं दोघं रोज एकत्र जेवली होती, एवढंच.