उजव्या गालावरची खूण

मेलेल्या माणसांना देखणं करणं हा आफ्रियेचा धंदा होता. घानातल्या कुमासीत कुणी गेलं की त्याचं मोठं चित्र छापून गल्लोगल्ली भिंतींवर लागतं. ती चित्रं आफ्रिये संगणकावर बनवायची. सगळं इंटरनेटवर बघून शिकलेली, एकटी, धडपडत.

ओचेरे तिच्याकडे आला तो चुकूनच. हरमॅटनचं कोरडं वारं सुटलं होतं, शेजारचं दुकान बंद होतं, म्हणून तो हिच्या दारात शिरला. पापण्यांवर धूळ, हातात फोन.

"आई गेली. हा एवढा एकच फोटो आहे... तोही अंधुक."

"बसा. आधी डोळे पुसा — धुळीनं भरलेत म्हणून म्हणते हो."

तो कसनुसा हसला. आफ्रियेला उगीचच बरं वाटलं.

अंधुक चेहरे स्वच्छ करणारी एक नवी युक्ती तिला नुकतीच इंटरनेटवर सापडली होती. बघता बघता त्याच्या आईचा, पोकुआबाईंचा चेहरा धुक्यातून वर आला. गालावर लहानपणी दिलेली चिरेची खूण, ओठांत दडलेलं हसू. फक्त त्या बघत होत्या चित्राच्या बाहेर. आफ्रियेनं फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवला, तशा त्या शेजारी छापायच्या मजकुराकडे बघायला लागल्या. या धंद्यात सगळेच तसं करतात.

"बघा बरं नीट."

"छान आहे," तो म्हणाला. पण बघत होता तिच्याकडेच.

"मी नाही, चित्र!"

"तेही छान आहे."

दुसऱ्या दिवशी तो भाजलेली केळी आणि शेंगदाणे घेऊन आला, चित्र पुन्हा बघायला म्हणून. तिसऱ्या दिवशीही आला. चित्रं भिंतींवर लागली, आणि शुक्रवारी दुपारी त्याच्या दुफीमावशी फाडलेला कागद नाचवत दुकानात घुसल्या. मागे ओचेरे, मान खाली.

"कुणाला पुरतोय गं आम्ही, पोरी? दोन लेकरं गेल्यावर ही तरी जगावी म्हणून आमच्या आईनं पोकुआच्या उजव्या गालावर खूण केली होती. तू ती डावीकडे नेलीस! पलीकडे गेलेली आपली माणसं तिला ओळखणार कशी?"

आफ्रियेनं फाडलेला कागद हातात घेतला. "चूक माझी, मावशी. मी यांना दाखवलंच नाही."

"खोटं बोलतेय ती," ओचेरे म्हणाला. "रोज दाखवत होती."

"मग तुझे डोळे काय गहाण पडले होते?"

"मला... आठवलं नाही, मावशी. नऊ वर्षं कामासाठी लांब राहिलो. आईची खूण कुठल्या गालावर, तेच आठवलं नाही."

मावशी मटकन खाली बसल्या.

आफ्रिये मात्र संगणकाकडे वळली. मजकुरातलं पोकुआबाईंच्या चर्चचं नाव टाकून त्यांचं आणखी एखादं चित्र शोधत राहिली. कापणीच्या सणाची एक चित्रफीत निघाली. गाणाऱ्या बायकांत त्या उभ्या होत्या, गाणं चुकलं म्हणून शेजारणीला कोपरानं ढोसत, खळखळून हसत. खूण उजव्या गालावर.

ओचेरे लहान मुलासारखा रडला. आफ्रियेनं त्याचा हात धरला. मावशी रस्त्याकडे बघू लागल्या.

शनिवारी पहाटे दोघांनी मिळून नवी चित्रं लावली आणि पोकुआबाई आपल्या खऱ्या चेहऱ्यानं पलीकडे गेल्या. रविवारी तो निरोप घ्यायला आला.

"परत कधी?"

"दोन वर्षांनी. करारच तसा आहे."

"तोवर माझा चेहरा विसरशील. तुझा काय भरवसा!" तिला हे थट्टेनं म्हणायचं होतं, जमलं नाही.

त्यानं डोळे मिटले. "डाव्या भुवईत खंड आहे. हनुवटीवर तीळ, उजवीकडे. हसू दाबतेस तेव्हा आधी नाक हलतं... रोज यायचो ते चित्रासाठी नव्हतं गं. प्रेम बसलंय तुझ्यावर."

"आणि आत्ता कशी दिसतेय?"

"आत्ता रडतेयस."

"डोळे मिटलेत ना रे?"

"मिटलेत."

तो डोळे उघडायच्या आत गाल पुसायला हवे होते. तिनं पुसले नाहीत.