करणची सहावी फेरी

करणच्या दहाव्याला नदीच्या घाटावर कावळा शिवेना, तेव्हा देवळालीची निम्मी मंडळी घड्याळं बघू लागली होती. "आईला सांभाळू" म्हणून झालं, "तुझी मोटारसायकल विकणार नाही" म्हणून झालं. कावळे बाभळीवर बसून नुसतं ऐकत होते. शेवटी मामा, आबासाहेब, थोरल्या भाच्याला म्हणाले, "गोरक्ष, त्याचं काय राहिलं आसंल ते बोल बाबा. जेवनं खोळंबलीत."

गोरक्ष साखर कारखान्यात टाइमकीपर. धाकट्याचं काय राहिलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण ते चारचौघांत उच्चारायचीही लाज वाटत होती. करण घरी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचा आणि उरलेला जन्म एका गेमवर उधळायचा. तलवारी, जादूगार, पंखवाला राक्षस, आणि असे तीन भाग. तिन्ही संपले की पुन्हा पहिल्यापासून! सव्वीस वर्षांचा घोडा. "मेलेल्याला किती वेळा मारशील रे?" गोरक्ष विचारायचा. करण नुसता हसायचा. टेम्पोने उडवलं तेव्हा त्याची पाचवी फेरी चालू होती, तिसरा भाग अर्ध्यावर होता.

"बरं," गोरक्ष जांभई दाबत पिंडाला म्हणाला, "तुझा तो गेम मी पुरा करतो. झालं समाधान?"

कावळा असा झेपावला की आबासाहेबांची टोपी पडली.

गोरक्षने हे हसण्यावारी नेलं असतं. पण तेरावं उलटलं तरी त्याची आई, केशरबाई, अन्नाला शिवेना.

"तू शबुद दिलाय. त्यो पुरा व्हईस्तवर माजं लेकरू अडकलंय. मी घास न्हाई घेनार."

"आई, अगं पोरखेळ आहे तो!"

"मंग खेळ की."

चहापाण्यावर बाई सुकत चालली, तेव्हा गोरक्षने रजा टाकली. भर दुपारी, तापल्या पत्र्याखाली, करणने जिथे सोडला होता तिथून त्याने गेम उघडला. वहीत करणने सगळ्या गुहांचे नकाशे काढून ठेवले होते, अक्षर मोत्यासारखं. बारावीला एवढं लिहिलं असतं तर, गोरक्ष करवादला. तीन दिवस तो मुंगीएवढी माणसं गुहांतून हिंडवत राहिला, शिव्या घालत. दोनच गोष्टी खटकायच्या. नकाशा बघायच्या आत त्याची बोटं बरोबर वळायची. आणि करण लावायचा त्या चमेलीच्या तेलाचा वास रोज थोडा वाढायचा.

चौथ्या दुपारी राक्षस पडला. पडद्यावर गेम बनवणाऱ्यांच्या इंग्रजी नावांची लांबलचक यादी सरकू लागली.

"आई, संपला गं."

केशरबाई दारात आली. "खरंच?"

"हा बघ, मेला. चल, जेव आता."

तिने पडद्याकडे डोळे भरून बघितलं, स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी दुधात कुस्करायला बसली. गोरक्षला हायसं वाटलं. त्याने मशीन बंद केलं, वर खबरदारी म्हणून वायर भिंतीतून उपटली, आणि ती हातात गुंडाळतच तो ओसरीवर आला.

मागे खोलीत खट्... खट्... सुरू झालं.

तो उलटा वळला. पडदा उजळला होता. वायर त्याच्याच हातात होती. पहिला भाग सुरू होऊन साथीदारांची नावं विचारत होता. पहिल्या ओळीत करणचं नाव होतं. दुसरीत त्याचं स्वतःचं, पुरं लिहून झालेलं.

"करण..." तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "शब्द पाळला ना मी... आता पुरे की रे..."

खटखट थांबली. जणू कुणीतरी ऐकून घेतलं. मग कळा पुन्हा आपोआप दबू लागल्या, आणि तिसऱ्या ओळीत इंग्रजी अक्षरं उमटू लागली. के... ई... एस...

 स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, भरल्या तोंडाचा, बऱ्याच दिवसांनी समाधानाचा.

"आले रे बाळा... येवढी भाकर खाते, आन् आलेच."