माळावरचं न्हाणं

लाईट इतक्यात यायची नाही. मेणबत्ती जरा इकडे सरकव, उत्कर्षा, सांगते. गॅलरीतली गिअरची सायकल धूळ का खातेय, हे तू दोनदा विचारलंस.

दोन हजार पाच साल. हिंजवडीत नोकरीला लागून मला तीन वर्षं झाली होती. त्या आषाढात सातव्या महिन्यातच माझं बाळंतपण झालं. मुलगी. रडलीच नाही. मी शुद्धीवर येईपर्यंत पृथ्वीराज आणि त्याचे काका तिला घेऊन गेलेसुद्धा. कुठे पुरलं, ते नवऱ्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरात अशा विषयावर लगेच चहा टाकतात.

कार्तिकात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्यायाम करा, मन रमेल. म्हणून सायकल घेतली. रविवारी सातला निघायचं, माण गावावरून डोंगराकडे जायचं, नऊपर्यंत परत.

त्या रविवारी धुकं होतं. काचेच्या इमारती मागे पडल्या, डांबर संपलं. चेनची किरकिर सोडली तर कसलाही आवाज नव्हता. वळणावर रस्त्याच्या मधोमध ते उभं होतं. आधी वाटलं, कुत्रं. पण पुढचे पाय उंच, मागचे आखूड, अंगावर काळे पट्टे, पाठीवर ताठ आयाळ. तरस. ते पळालं नाही. पायवाटेनं चार पावलं वर चढलं आणि वळून माझ्यासाठी थांबलं.

मी सायकल आडवी टाकली आणि मागोमाग गेले. का गेले, विचारू नकोस. पळायला हवं, हे कळत होतं. पण वरून वास येत होता... ओव्याचा, लसणीच्या सालींचा. न्हाणं झाल्यावर बाळाला धुरी देतात, तो. आणि आसपास एक घर नव्हतं.

बाभळीखाली एक नऊवारीतली म्हातारी पाय पसरून बसली होती. तरस तिच्या शेजारी पाळलेल्या कुत्र्यासारखं टेकलं. ती तांब्यानं स्वतःच्या पायांवर पाणी ओतत होती, दुसऱ्या हातानं हलके चोळत होती. पायांवर काहीच नव्हतं. पण पाणी... पाणी सरळ ओघळत नव्हतं. मध्येच वळत होतं, कुणाच्या तरी अंगावरून उतरल्यासारखं.

"कोण... कोण तुम्ही?"

"सरूबाई." तिनं मान वर केली नाही. "आलीस व्हय? लई दिस लावलेस."

"काय करताय?"

"न्हाऊ घालतीया. आईचा हात लागल्याबिगर निजत न्हाय ही... लाव हात. पानी निवतंय."

माझ्या छातीत कळ आली. काही महिन्यांपूर्वीच आटलेलं दूध टी-शर्ट भिजवत होतं. मी हात पुढे केला होता गं. वीतभर अंतर राहिलं असेल. आणि त्या रिकाम्या जागेतून कुणीतरी, पाणी नाकात गेल्यावर घेतात तसा, दचकून श्वास घेतला.

मी पळाले.

खाली एक म्हातारा शेतकरी, सोनबा नाव त्याचं, माझी सायकल उभी करत होता. "पडलात का, ताई?"

"वर... सरूबाई म्हणून कोण राहतं?"

"कोन न्हाय ऱ्हात. तितं बारकी पोरं पुरत्यात. तरस उकरतं, म्हून वर धोंडं ठेवाय लागत्यात." त्यानं हँडलवरची माती पुसली. "सरूबाई आमच्या गावची सुईण हुती. जाऊन नऊ वर्सं झाली तिला." त्याचा आवाज खाली आला. "हात न्हाई न्हवं लावला?"

"नाही."

"बेस केलंत."

बेस केलं का, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

घरी येऊन पृथ्वीराजला एवढंच विचारलं, "माणच्या पुढे, बाभळीखाली?" त्याच्या हातातला पेपर खाली आला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो काकांना घेऊन तिकडे गेला. परतला तो थेट बाथरूममध्ये. कितीतरी वेळ नळ चालू होता. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "उकरलेलं नव्हतं, नम्रता. दगड एकावर एक रचून बाजूला ठेवलेले. खड्डा रिकामा... आत फक्त काकांचं उपरणं. तिला त्यातच गुंडाळलं होतं. नीट घडी घातलेलं."

"मग?"

त्यानं ताट सारलं. "त्यावर काजळ पुसलेलं होतं. आपण तिला काजळ घातलंच नव्हतं... आणि बोटं उमटली होती. पाची."

"कुणाची?"

त्यानं आपल्या करंगळीचं नख माझ्यासमोर धरलं.

"एवढी."